बीटल्सचा बॉक्स सेट: स्टीरिओ घ्यावा की मोनो?

९ सप्टेंबर २००९ ला बीटल्स या ब्रिटिश बँडचे दोन बॉक्स सेट, म्हणजे अल्बमचे संच, एकाच दिवशी बाजारात आले: एक स्टीरिओ (डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज), एक मोनो (दोन्हीकडे एकच आवाज). ‘संपूर्ण’ म्हणावा असा खरं तर एकच, स्टीरिओचा: सगळे अल्बम, सुट्या गाण्यांचा ‘पास्ट मास्टर्स’ आणि वर एक डीव्हीडी. मोनोच्या संचात ‘यलो सबमरीन’, ‘ॲबी रोड’ आणि ‘लेट इट बी’ नाहीतच, कारण हे अल्बम मोनोसाठी वेगळं मिक्सिंग (आवाज आणि वाद्यांची जुळणी) करून काढलेच नव्हते.

तरी माझा कल मोनोकडे. १९६३चा पहिला अल्बम स्टीरिओत हेडफोन लावून ऐका. वाद्यं एका कानात, गाणारे दुसऱ्या कानात, मधे नुसती पोकळी! मोनोत तेच चौघं एकदम अंगावर येतात. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जरा जलद आहे, सूरही किंचित चढा. त्याची सवय झाली की स्टीरिओतलं रेंगाळल्यासारखं वाटतं. उलट ‘हेल्टर स्केल्टर’च्या शेवटी बोटांना फोड आले म्हणून ड्रमर रिंगो ओरडतो, ते ऐकायला मात्र स्टीरिओच हवा.

‘ॲबी रोड’ आधीच घरात असेल तर मोनो घ्या, काहीच नसेल तर स्टीरिओ. आणि प्रेम चार-पाच गाण्यांपुरतंच असेल तर दोन्ही राहू द्या, एखाददुसरा सुटा अल्बम पुरे.