अर्ध्या दिवसाची सातारा रिक्षा सफर : पाहुण्यांना बिनधास्त पाठवा, पण हे वाचून

साताऱ्यात पाहुणे आले की आपली एकच गोची होते, आपल्याला सुट्टी नसते आणि त्यांना एकटं सोडावं तर मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ असं पेठांत गरगर फिरून परत त्याच बोळाच्या तोंडाशी येतात. आता नागपूरहून मावसबहीण, दाजी आणि तिच्या सासूबाई आलेल्या, तर स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या काकांशी अर्ध्या दिवसाचे बाराशे ठरवले. मी मागून ॲक्टिव्हावर.

काकांनी आधी पोवई नाक्यालाच रिक्षा कडेला घेतली. "हे बघा पाव्हणं, वरचा तो राजपथ, खालचा कर्मवीर पथ, दोन्ही राजवाड्याकडंच जात्यात. अन् डोक्यावर अजिंक्यतारा दिसतोय तवर तुम्ही हरवत न्हाई." संपलं! संध्याकाळी दाजी एकटेच मोती चौकापर्यंत जाऊन आले, मॅप न लावता.

मग किल्ला. गाडीरस्ता बराच वर जातो, पण पुढे चालायचं आहेच. काकांनी सीटखालून एक प्लास्टिकचं स्टूल काढलं, "आजी, तुम्ही मारुतीपाशी सावलीत बसा, मंगळाईदेवीला मी जोडतो हात तुमच्या वतीनं." सासूबाई जाम खूश. आम्हाला तटावर नेऊन त्यांनी १७०० चा वेढा असा सांगितला की बास. औरंगजेबाच्या फौजेनं सुरुंग लावले, त्यातल्या एकानं तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि खाली हल्ल्यासाठी टपून बसलेले मुघलच त्याखाली गाडले गेले. किल्ला शेवटी पडला, औरंगजेबानं त्याचं नाव आझमतारा ठेवलं, ते काका जरा नाखुशीनंच सांगतात. १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला म्हटल्यावर मात्र आवाज एकदम खणखणीत!

संगम माहुली घाईत उरकलं, तेवढं खटकलं. कृष्णा-वेण्णेचा संगम, १७३५ सालचं विश्वेश्वराचं देऊळ, शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी, एवढं सगळं आणि काका सारखे फोनवर, दुसरं भाडं ठरवत. बारामोटेच्या विहिरीचं विचारलं तर सरळ म्हणाले, लिंब गावाला रिक्षानं नका येऊ, पुण्यावरनं परत जाताना तुमच्या गाडीनंच बघा, उगाच माझं भाडं वाढंल. हे आवडलं बुवा, कारण मागे एका ट्रॅव्हल्सवाल्यानं आमच्याच ऑफिसातल्या पाहुण्यांना 'सातारा दर्शन' म्हणून हायवेवरच्या हॉटेलात जेवायला घालून परत पाठवलं होतं.

कंदी पेढ्यांसाठी ते त्यांच्या ओळखीच्या दुकानात नेतात, कमिशन असणार, असू दे. पण आधी एक चाखा, खवा नीट भाजलेला असला तर पेढा तपकिरी आणि खमंग लागतो, नुसताच गोड लागला तर सरळ बाहेर पडा, काका रागवत नाहीत. भूक लागली तर राजवाड्याच्या चौपाटीवर सोडायला सांगा.

भाडं बसायच्या आधी ठरवा, थांबण्याचा वेळ धरून. सकाळी लवकर निघा, उन्हात तटावर उभं राहवत नाही. आणि फुलांच्या सीझनला शनिवार-रविवारी कासला चला म्हणून काकांच्या मागे लागू नका, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते, ते येतच नाहीत.