मे महिन्यात काश्मीरच्या तलावांचा ट्रेक विकणाऱ्यापासून सावध राहा

२०२४ च्या मे महिन्यात आम्हा चौघांचे मिळून ७८,८०० रुपये गेले. मी अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. सोबतच्या तिघांपैकी दोघं शेतकरी. त्यातल्या एकानं कापसाचा चुकारा आला तसा यात घातला होता, ते मला अजून टोचतं.

काश्मीर ग्रेट लेक्स हा सुमारे सत्तर किलोमीटरचा, आठवडाभराचा ट्रेक. सोनमर्गजवळून निघायचं, निचनई खिंड ओलांडली की विशनसर आणि किशनसर तलाव, मग गडसर, सातसर, शेवटी हरमुख पर्वताखालचं गंगाबल बघून नारानागला उतरायचं. आमच्याकडे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. मोबाईलवर ते निळे तलाव आणि वाटेतले धबधबे पाहिले अन् जीव हरखला.

जाहिरात फेसबुकवर होती. माणूस मराठीच बोलायचा, मला सर आणि बाकीच्यांना दादा म्हणायचा. आमची एकच अडचण होती. शाळा जूनअखेर उघडते आणि मृग लागला की शेतकऱ्याला गाव सोडता येत नाही. ही अडचण आम्हीच त्याला सांगितली. तो लगेच म्हणाला, "२५ मेची बॅच आहे, चारच जागा राहिल्या." आम्ही चौघंच होतो. एप्रिलमध्ये प्रत्येकी १६,५०० रुपये पाठवले. वाटेत लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र तपासतात, हे खरं आहे. त्यामुळे त्यानं आधारकार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले तेव्हा कोणालाच शंका आली नाही.

महिनाभर आम्ही पहाटे साडेचारला कालव्याच्या रस्त्यानं चाललो, पाठीवर दहा किलो तूर बांधून. बूट पाहिले, औषधं पाहिली. तिथं त्या वेळी बर्फ किती असतो, एवढं मात्र कोणालाच विचारलं नाही.

२२ मेला नागपूर स्टेशनवर त्याचा फोन आला, "परमिट आणि विम्याचे प्रत्येकी ३,२०० आत्ताच पाठवा, नाहीतर नावं निघतील." घाई का होती ते नंतर समजलं. जम्मू-काश्मीरच्या हद्दीत बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. तिथं शिरलो की आमचे फोन मुके होणार, हे त्याला माहीत होतं. आम्ही फलाटावर उभे राहून पैसे पाठवले.

सोनमर्गला सांगितलेल्या जागी कोणी नव्हतं. हॉटेलवाल्याच्या फोनवरून लावला तर त्याचा नंबर बंद. एका घोडेवाल्याला जाहिरात दाखवली. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, तलावाकाठच्या गवतातल्या पिवळ्या-जांभळ्या फुलांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये फूल तो अगस्त के हैं, साहब. अभी ऊपर बर्फ ही बर्फ है. जुलाई में आना." माझा शेतकरी मित्र कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, पऱ्हाटीचं पान पाहून म्या महिना सांगतो. हे मले कसं नाई दिसलं?"

या वाटेवरच्या खिंडी चार हजार मीटरच्या वर आहेत. ट्रेक साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. मे महिन्याची तारीख कोणी देत असेल तर तिथंच फोन ठेवा. पैसे पाठवताना खातं कोणाच्या नावावर आहे तेही बघा. आमच्या दोन्ही वेळच्या पैशांवर संस्थेचं नाव नव्हतं, दोन वेगवेगळ्या माणसांची नावं होती, आणि ती स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती. संस्थेचा पर्यटन विभागातला नोंदणी क्रमांक मागा आणि तो त्या विभागाकडेच विचारून खात्री करा. ओळखपत्र पाठवायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पाठवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन गावी परतल्यावर केला, तोवर नऊ दिवस झाले होते. लोकलाजेनं आम्ही दोन दिवस घरीही सांगितलं नव्हतं. सोनमर्गहून त्याच हॉटेलवाल्याच्या फोनवरून केला असता तर निदान नागपुरातून गेलेले १२,८०० रुपये बँकेला गोठवता आले असते, असं मला वाटतं. आम्ही कळवलं तेव्हा खातं रिकामं होतं.

तोच तलावाचा फोटो मला परवा पुन्हा दिसला. संस्थेचं नाव नवं, फुलं तीच, तारीख २५ मे.