ईआरपीचे टप्पे कामाचे नव्हते, वसुलीचे होते

ईआरपी, म्हणजे कारखान्याचा स्टॉक, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर, घ्यायला निघालेला कारखानदार सहसा तीन गोष्टी बघतो: किंमत, कंपनीचं नाव आणि डेमो. माझं म्हणणं, हे सगळं नंतर बघा. कोटेशनमधलं ‘पेमेंट टर्म्स’चं पान आधी काढा आणि कोणत्या टप्प्याला किती टक्के जाणार ते वाचा. आमची फसवणूक कशी होणार, ते त्या पानावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं.

मी कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, अकाउंट्स बघते. ग्रे आयर्न आणि एस. जी. आयर्नचं कास्टिंग, थोडं मशिनिंग, बाकी जॉबवर्कला बाहेर. उलाढाल दहा ते वीस कोटींच्या मधली, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. ईआरपी हवीच होती, त्यात वाद नाही. गाड्यांचे सुटे भाग घेणारे ग्राहक ऑडिटला आले की एक तुकडा हातात धरून विचारतात: हा कोणत्या हीटचा (भट्टीतल्या कोणत्या वितळीचा), चार्जमध्ये काय घातलं होतं, त्याच हीटचे बाकीचे नग कुठे गेले? आमच्याकडे हे सगळं होतं, पण मेल्टिंगच्या, फेटलिंगच्या (ओतलेला तुकडा साफ करायच्या) आणि डिस्पॅचच्या वेगवेगळ्या रजिस्टरांत. त्यातच 1 ऑक्टोबर 2022 पासून दहा कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं जीएसटी बिल, सक्तीचं होणार होतं. आण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ठरवलं की त्याआधी सगळं एकाच सिस्टिमवर आणायचं.

पुण्याची एक कंपनी आली. एका मोठ्या सॉफ्टवेअरचे ‘अधिकृत भागीदार’ म्हणून. त्यांचा प्रोजेक्ट प्लॅन बघण्यासारखा होता. अभ्यास, गॅप अ‍ॅनालिसिस, बीआरडी (आमच्या गरजा लिहिलेला दस्त), कॉन्फिगरेशन, डेटा मायग्रेशन (जुना डेटा नव्या सिस्टिमवर आणणं), ट्रेनिंग, यूएटी (वापरणाऱ्यांनी स्वतः तपासून स्वीकारणं), गो-लाइव्ह (प्रत्यक्ष वापर सुरू), आणि त्यानंतर काही आठवडे त्यांची माणसं आपल्याकडे बसणार. कोणत्याही पुस्तकात टप्पे असेच असतात, त्यामुळे प्लॅनवर बोट ठेवायला जागा नव्हती. पैसे मात्र असे: ऑर्डरबरोबर चाळीस टक्के, बीआरडीवर सही झाली की वीस, सर्व्हरवर सॉफ्टवेअर चढवलं की वीस, यूएटीला दहा, गो-लाइव्हला दहा. म्हणजे आमच्या स्टोअरच्या माणसाने एकही एन्ट्री करायच्या आत ऐंशी टक्के रक्कम गेलेली. डेटा मायग्रेशनला शून्य. महिनाअखेरचा स्टॉक जुळला का, याला शून्य. ज्या टप्प्यांवर ईआरपी खरोखर अडते, त्या टप्प्यांवर एक पैसाही टांगलेला नव्हता. तिथे अडलो तरी त्यांचं काही अडणार नव्हतं.

डेमो फार सुंदर झाला. एक ‘सर’ आले होते, फाउंड्रीची भाषा बोलणारे. इन्व्हॉइस नंबरवर क्लिक केलं की मागे हीट नंबर, त्याच्या मागे चार्ज शीट, त्याच्या मागे स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतल्या घटकांच्या तपासणीचा, रिपोर्ट. आण्णा खूश. नंतर कळलं की त्या स्क्रीन फक्त डेमोपुरत्या जोडलेल्या होत्या. आमच्या सर्व्हरवर जे चढवलं, त्यात हीट नंबर हा नुसता एक रिकामा रकाना होता. काहीही टाइप करा, मागे-पुढे कशालाच जोडलेला नाही. ते ‘सर’ ऑर्डर निघाल्यावर परत दिसले नाहीत. आली ती कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली दोन मुलं. स्वभावाने चांगली होती, पण कोअर म्हणजे काय आणि रायझर म्हणजे काय हे ती आमच्याच सुपरवायझरकडून शिकत होती, आणि त्या शिकण्याचे मॅन-डे, म्हणजे दर माणशी दिवसाचे पैसे, आमच्या बिलात लागत होते.

डेमोच्या बाबतीत लहान माणसंच फसतात असं नाही. अमेरिकेत वेस्ट मॅनेजमेंट या कचरा व्यवस्थापनातल्या बलाढ्य कंपनीने 2008 साली एसएपी या बड्या ईआरपी कंपनीवर दावा लावला. आरोप हाच, की विकताना दाखवलेला डेमो बनावट होता. एसएपीने आरोप नाकारले आणि 2010 मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. खरं-खोटं निकालात ठरलं नाही. पण एवढ्या मोठ्या कंपनीवर कोर्टात जायची पाळी येते, तर एमआयडीसीतल्या प्लॉटवाल्याने डेमो बघताना आपलाच डेटा द्यावा: आपले चार आयटम, एक रिजेक्शन, एक जॉबवर्क चलन, आणि ‘आत्ता माझ्यासमोर एन्ट्री करून दाखवा’.

मग तो बीआरडीचा दस्त. जाडजूड, रंगीत आराखड्यांचा. पाठवला शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी फोन, ‘मॅडम, आज सही आली नाही तर टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर जाईल, मग दोन महिने मिळणार नाही.’ मी तो शनिवार-रविवारी वाचला होता. मध्येच एका पानावर ‘टॅब्लेट कोटिंग’ आणि ‘एक्स्पायरी डेट जवळ आलेल्या बॅचचा रिपोर्ट’. ओतीव लोखंडाला एक्स्पायरी! कोणत्या तरी औषध कंपनीचा दस्त उचलून नाव बदललं होतं. मी लगेच ईमेल केला. ‘टायपिंगची चूक आहे, फायनल व्हर्जनमध्ये काढू,’ असं उत्तर आलं. आण्णांकडे थेट माणूस पाठवून सही नेली. फायनल व्हर्जनमध्ये टॅब्लेट कोटिंग तसंच होतं, आणि आम्ही तोंडी सांगितलेल्या फाउंड्रीच्या दोन मुख्य गोष्टी गायब होत्या.

त्या दोन गोष्टी फाउंड्रीवाल्यांसाठी मुद्दाम सांगते. पहिली, आमच्याकडे माल किलोनेही चालतो आणि नगानेही. भट्टीत किलो, मोल्डिंगनंतर नग, जॉबवर्कला नग, काही ग्राहकांना बिल किलोवर, काहींना नगावर. एकाच आयटमला दोन मापं आणि दर नगाचं वजन थोडं वेगळं. दुसरी, आमचं बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एका वस्तूला कोणता माल किती लागतो ती यादी, सरळ नसतं. ओतलेल्या धातूतला बराच भाग रनर-रायझर म्हणून (साच्याच्या वाटांत आणि तोंडात गोठलेला, कापून काढलेला धातू) परत भट्टीत जातो, रिजेक्शनही जातं. म्हणजे आजचा भंगार उद्याचा कच्चा माल. पार्ट जोडून वस्तू बनवणाऱ्या कारखान्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरला हे उमगत नाही. ते परत आलेला धातू एकतर दोनदा मोजतं किंवा मोजतच नाही. आमच्या टेस्ट सर्व्हरवर एका महिन्यात स्टॉकमध्ये कागदोपत्री जेवढं लोखंड दिसलं, तेवढं आमच्या शेडमध्ये ठेवायलाही जागा नाही.

हे सांगितलं की एकच उत्तर: ‘चेंज रिक्वेस्ट करावी लागेल.’ मॅन-डेचा दर लावून कोटेशन. ई-इन्व्हॉइसचंही तेच. ज्या तारखेसाठी सगळा खटाटोप केला, ते काम ‘स्कोपमध्ये नाही’, कारण बीआरडीत फक्त ‘जीएसटी रिपोर्ट्स’ असा शब्द होता. जुना डेटा आणायचं म्हटलं तर करारात एक ओळ, ‘डेटाची शुद्धता ही ग्राहकाची जबाबदारी’. त्या ओळीच्या आधारावर त्यांनी एक्सेलचे रिकामे तक्ते पाठवले आणि हात झटकले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा आम्ही ई-इन्व्हॉइस टॅलीतूनच काढत होतो. टॅली बंद करा म्हणून त्यांचा तगादा होता. मी केली नाही, आणि आण्णांनीही तेवढ्यापुरतं माझं ऐकलं.

इथवर तुम्ही म्हणाल, हा ढिसाळपणा झाला, फसवणूक कुठे? पुढे वाचा.

ट्रेनिंगच्या दिवशी सगळ्या सुपरवायझरांना कॅन्टीनमध्ये बसवलं, प्रोजेक्टरवर स्क्रीन दाखवल्या आणि शेवटी एक कागद फिरवला. आठवड्यात बिल आलं, ‘यूएटी पूर्ण, दहा टक्के देय’. पुरावा म्हणून तोच कागद जोडलेला. वर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की खाली सही करणाऱ्यांनी सिस्टिम तपासून स्वीकारली आहे. मी फेटलिंगच्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, ‘काय ओ मॅडम, हजेरीचा कागद हाय म्हणाले की. म्हणून सगळ्यांनी केल्या सह्या.’ एकानेही की-बोर्डला हात लावला नव्हता.

गो-लाइव्हचं बिलही मागोमाग. करारात गो-लाइव्हची व्याख्या होती, ‘लाइव्ह सर्व्हरवर पहिला व्यवहार नोंदवला जाणे’. त्यांच्याच एका मुलाने एका संध्याकाळी सँडच्या एका ट्रकची जीआरएन, म्हणजे माल आल्याची नोंद, टाकली होती. झालं गो-लाइव्ह.

त्यानंतर लायसन्स. आम्ही वीस युजरचे पैसे भरले होते. सहावा माणूस लॉगिन करायला गेला की सिस्टिम बाहेर काढायची. ‘सर्व्हर स्लो आहे’ हे उत्तर ऐकून कंटाळा आला, तेव्हा मी मूळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला थेट ईमेल लिहून विचारलं की आमच्या नावावर काय नोंद आहे. उत्तर आलं: पाच युजर, तेही ठरावीक मुदतीचे. भागीदारीचं प्रमाणपत्र आम्हाला दाखवलं होतं, त्याची मुदत आमच्या ऑर्डरच्या आधीच संपलेली. आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार? ती लायसन्स पुरवल्याच्या तारखेपासून चालू झाली होती. काम सुरू नाही, आणि देखभालीचं वर्ष निम्मं सरलेलं.

पुढच्या वर्षी ऑडिटरनी आणखी एक धागा ओढला. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणारा, बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल लागतो. आमच्या सिस्टिममध्ये स्टॉक जुळत नाही म्हटलं की ती मुलं थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलायची. सकाळी स्टॉक जुळलेला असायचा आणि कोणी, कधी, का बदलला याचा मागमूस नाही. ऑडिटर म्हणाले, ‘हे पुस्तकांना जोडलंत तर मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.’ आम्ही वापर थांबवला आणि आमचा डेटा परत मागितला. क्लाउड सर्व्हर त्यांच्या खात्यावर होता. आधी थकीत बिलं, मग बॅकअप, असं उत्तर आलं. महिन्याच्या शेवटी लॉगिनच बंद.

आता कायद्याचं, कारण इथे फार लोकांचा गैरसमज असतो. ग्राहक आयोगात जाता येईल का? धंद्यासाठी घेतलेली सेवा तिथे सहसा बसत नाही, व्यावसायिक हेतू कायद्यानेच वगळला आहे. पोलिसांत गेलो. लायसन्सचा कागद बघून त्यांनी अर्ज घेतला, पण करार बघून ‘हा दिवाणी वाद आहे’ हेही ऐकवलं. आणि आम्ही वकील शोधत असताना त्यांनीच आमच्यावर दावा ठोकला! ते उद्यम नोंदणीवाले, म्हणजे सरकारदरबारी लहान धंदा म्हणून नोंदलेले, सूक्ष्म उद्योग. त्यांनी सरकारच्या समाधान पोर्टलवरून एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ‘थकबाकी’चा अर्ज केला. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार अशा पुरवठादाराचं देणं पंचेचाळीस दिवसांच्या पुढे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. कौन्सिलही पुरवठादार जिथला तिथली. निकाल विरोधात गेला आणि तो रद्द करायला कोर्टात जायचं तर पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. लहान पुरवठादाराला मोठ्या गिऱ्हाइकापासून वाचवायला केलेला कायदा, आणि तो आमच्यावर चालवला. नोटीस बघून आण्णा पैसे देऊन मोकळे व्हायला निघाले होते.

आम्हाला तारलं ते त्याच कायद्यातल्या एका छोट्या तरतुदीने. माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ती स्वीकारली असं मानलं जातं. लेखी. फोन नाही, ‘सरांना बोललो होतो’ नाही. यूएटीचं आणि गो-लाइव्हचं बिल आलं त्याच आठवड्यात मी दोन्हीवर मुद्दे मांडून ईमेल पाठवले होते, स्क्रीनशॉटसकट. तेव्हा तो निव्वळ अकाउंट्सवाल्यांचा खडूसपणा होता. वकिलांनी ते ईमेल बघितले आणि पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले. 2021 मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अशा कौन्सिलसमोर खरेदीदारालाही प्रतिदावा करता येतो. तो आम्ही केला आहे: पंधरा युजरचे न मिळालेले लायसन्स, एएमसी, दिलेले ऐंशी टक्के.

तुमच्याकडे सध्या अशी बोलणी चालू असतील तर टक्केवारी उलटी करून मागा. ऑर्डरला दहा-पंधरा टक्के, मोठा हिस्सा लागोपाठ दोन महिनाअखेरी तुमच्या माणसांनी, तुमच्या डेटावर, स्टॉक आणि जीएसटी जुळवून बंद केल्यावर. लायसन्स आणि क्लाउडचं खातं पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर. डेटाबेसचा बॅकअप दर आठवड्याला तुमच्या हार्ड डिस्कवर, आणि तो उघडतो का हे बघणारा माणूस त्यांचा नको. कोणत्या कागदावर सही करायचा अधिकार कोणाला, हे करारातच दोन पदं लिहून ठरवा. बाकी कोणाचीही सही स्वीकृती धरायची नाही. ‘असं आमच्याकडे चालत नाही’ म्हणून विक्रेता उठला तर उठू द्या. आमच्यानंतर शेजारच्या प्लॉटवाल्याने हेच मागितलं, तेव्हा तिघांपैकी दोघे उठले. तिसऱ्याचं काम चालू आहे, सावकाश.

आमच्याकडे हिशेब टॅलीत आणि हीटचा माग एका साध्या प्रोग्रॅममध्ये आहे, जो आण्णांच्या भाच्याने लिहून दिला. कौन्सिलमध्ये समेटाची बैठक झाली. त्यांच्या वकिलांनी ट्रेनिंगचा तो कागद पुढे केला, आमच्या वकिलांनी टॅब्लेट कोटिंगचं पान. समेट झाला नाही. प्रकरण आता लवादाकडे आहे.