मिनीव्हॅनचे आठ महिने: मागच्या सीटवरून बघितलेली गाडी

गाडी घ्यायला गेलं की आपण आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. मीही तेच केलं. स्टिअरिंग हलकं वाटलं, स्क्रीन मोठी वाटली, आणि एक चक्कर मारून आल्यावर माझं मन ठरलंसुद्धा. आज आठ महिने झालेत, मीटरवर साडेचौदा हजार किलोमीटर आहेत, आणि आता कळतंय की त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत जाऊन अर्धा तास बसायला हवं होतं. या गाडीत पुढे फार तर दोघं असतात, बाकी सगळं घर मागे असतं. मिनीव्हॅन, म्हणजे तीन रांगांची, सरकत्या दारांची घरगुती गाडी, चांगली की वाईट हे मागे बसणारेच ठरवतात, म्हणून हा अनुभव बराचसा त्यांच्या बाजूने लिहिते आहे.

आमच्याकडची गाडी सात सीटची पेट्रोल हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी. मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट, मागे तिघांची सलग सीट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सांगायच्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कुठल्याही गाडीला लागू आहेत. घरात आम्ही सहा माणसं: मी, नवरा, सासू-सासरे, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा.

सुरुवात दारापासून करते, कारण गाडी बदलायचं कारणच ते होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आधीच्या उंच गाडीत चढताना त्यांना एका हाताने खांबावरची दांडी धरायची, पाय उचलून पायरीवर ठेवायचा आणि त्याच दमात वळून आत बसायचं अशी कसरत करावी लागायची. उतरताना तर जमीन कुठे आहे हे पायालाच शोधावं लागे. इथे फ्लोअर खाली आहे, दार मागे सरकतं आणि सगळी चौकट मोकळी होते. त्या सीटकडे पाठ करतात, आधी टेकतात, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतात. पहिल्या दिवशी मी हात धरायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "राहू दे गं, जमतंय मला." आठ महिन्यांत त्यांना एकदाही हात द्यावा लागला नाही. बाकी सगळ्या तक्रारी मी या एका वाक्यापुढे तोलून बघते.

फ्लोअर इतका खाली येतो याला कारण आहे. इंजिन आडवं बसवलेलं, ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे फ्लोअरखालून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब फिरता दांडा, म्हणजे शाफ्टच नाही. १९८३च्या अखेरीस क्रायस्लरने डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर आणल्या त्या याच मांडणीवर. १९८४ मध्ये युरोपात रेनॉची एस्पास आली. सुरुवातीच्या त्या अमेरिकन गाड्यांना सरकतं दार एकाच बाजूला होतं, ड्रायव्हरच्या बाजूचं क्रायस्लरने १९९६च्या मॉडेलला दिलं. आता दोन्ही बाजूंना दार असतंच, पण त्याची किंमत अरुंद पार्किंगमध्ये कळते. शेजारच्या गाडीला दार लागेल ही धास्ती नाही. झोपलेल्या पोराला खांद्यावर घेऊन मी अंगभर जागेतून बाहेर येते.

दाराची एक गंमत पेट्रोल पंपावर कळली. टाकीचं झाकण उघडं होतं आणि त्या बाजूचं दार अर्धवट उघडून थांबलं. बिघाड झाला असं वाटून मी घाबरले. मग मॅन्युअल उघडलं. दार मागे सरकताना पाइपच्या नोझलवर आदळू नये म्हणून ते मुद्दामच अडवलेलं असतं.

खरा त्रास चौथ्या महिन्यात झाला. डावं दार बंद होता होता मधेच थांबायचं, बीप करायचं आणि उलटं मागे जायचं. बोट अडकू नये म्हणून दिलेल्या सेन्सरचं काम असंच असतं, पण आमच्या दारात काहीच नसायचं. पावसात, रांगेत गाड्या मागे उभ्या असताना दार तीनदा परत जातं तेव्हा काय होतं ते त्यात सापडलेल्यालाच कळेल. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, दाराची मोटर बदलावी लागेल. मला ते पटेना. दुसऱ्या एका कारागिराने गुडघ्यावर बसून टॉर्चने खालची पट्टी बघितली. कोपऱ्यात बारीक खडी, वाळू आणि माझ्या मुलीचा केसांचा चाप. रोलर त्याच्यावर चढत होता, जोर जास्त लागत होता आणि सेन्सरला वाटत होतं की काहीतरी अडलंय. ब्रशने पट्टी साफ केली, कोरड्या सिलिकॉनचा फवारा मारला, संपलं. ग्रीस लावू नका असं त्याने बजावून सांगितलं, त्यावर धूळ चिकटून पुन्हा तेच होतं. आता पंधरा दिवसांनी एकदा मी स्वतः ती पट्टी व्हॅक्यूम करते. तेव्हापासून दार शहाण्यासारखं वागतंय. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी मोटरचा खर्च मान्य करण्याआधी खालची पट्टी बघाच.

आता तिसरी रांग. मी तिथे दोन तास बसले, नवरा गाडी चालवत होता. माझी उंची १६५ सेंटीमीटर. डोक्यावर जागा भरपूर, पण सीट फ्लोअरच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. मधली सीट चार बोटं पुढे घेतली तर पाय सरळ होतात, म्हणजे मधल्याने थोडं सोसायचं. नवऱ्याची उंची १७८ आहे, त्याचं मत असं की दोन तास ठीक, तिसऱ्या तासाला पाठ बोलायला लागते. सासऱ्यांची तक्रार वेगळीच. नव्वदच्या वेगाला मागच्या चाकांचा आवाज तिथे इतका येतो की पुढचं बोलणं ऐकू येत नाही. यावर गाडीत एक सोय आहे: बटण दाबलं की ड्रायव्हरचा आवाज मागच्या स्पीकरमधून येतो. मी बोललेलं त्यांना ऐकू जातं, त्यांचं मला येत नाही. सासरे म्हणतात, फक्त ऐकून घ्यायची सोय केली आहे, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

मुलीला मागे बसून वळणावळणाच्या रस्त्यावर उलटी व्हायची. पहिल्या दोन प्रवासांत तिचे फार हाल झाले, मला अजून आठवलं की वाईट वाटतं. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर येते, तिथे हेलकावा जास्त बसतो. समोर उंच सीटची पाठ, म्हणजे रस्ता दिसत नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहे. त्यात आम्ही तिच्या हातात टॅब दिला होता, ही आमची मोठी चूक. आता लांबच्या प्रवासात सासूबाई पुढे, मुलगी मधल्या सीटवर, तिच्या शेजारी मुलाची चाइल्ड सीट, आणि नवरा व सासरे मागे. टॅब बंद, नजर समोरच्या काचेतून रस्त्यावर. त्यानंतर एकदाही पिशवी लागली नाही.

चाइल्ड सीट बसवल्यावर ती मधली सीट पुढे वाकत नाही, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. मधली रांग सलग बाकाची असती तर मागे जायची एक बाजू कायमची बंद झाली असती. दोन सुट्या सीट असल्याने मधून चालत जाता येतं. आठ सीटचा पर्याय घेऊ की सातचा यावर आमच्या घरी आठवडाभर वाद झाला होता. मुलं लहान असतील तर सातचाच घ्या.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट मी गाडी घेतल्यानंतर वाचली, आधी वाचायला हवी होती. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२२ पासून समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरमागच्या सीटवरही डमी, म्हणजे माणसासारखी बाहुली, बसवायला सुरुवात केली, लहान चणीच्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या आकाराची. २०२३ मध्ये तिथल्या चार मिनीव्हॅन या चाचणीतून गेल्या आणि एकीलाही 'चांगला' हा वरचा दर्जा मिळाला नाही. धडकेच्या क्षणी बेल्ट ताणून धरणारी आणि मग छातीवरचा दाब आवरणारी यंत्रणा पुढच्या सीटना सर्रास असते, मागे असेलच असं नाही. ज्या गाडीत घरातली बहुतेक नाजूक माणसं मागेच बसतात, तिथे हा प्रश्न पहिला विचारायला हवा. आम्ही आता एक नियम केलाय: सहाही बेल्ट लागल्याचं डॅशबोर्डवर दिसल्याशिवाय मी गियर टाकत नाही.

चालवायला कशी आहे? रिकामी असताना मजा येते. सिग्नलवरून मोटरवर आवाज न करता निघते आणि गर्दीत इंजिन बराच वेळ बंदच असतं. गावात मला लिटरमागे साडेपंधरा किलोमीटर मिळतात, हायवेला शंभरच्या वेगाने चौदा, सहा माणसं, सामान आणि एसी असताना तेरा. हे टाकी फुल करून काढलेले आकडे, स्क्रीन दर वेळी पाऊण-एक किलोमीटर जास्त दाखवते. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा मात्र इंजिन एकाच सुरात ओरडत राहतं, वेग त्या मानाने वाढत नाही. पहिल्यांदा ओव्हरटेक करताना माझा अंदाज चुकला होता, आता समोर दुप्पट मोकळा रस्ता दिसल्याशिवाय मी बाहेर पडत नाही. लांब उतारावर बॅटरी भरली की ब्रेकमधून वीज साठवणं थांबतं, तेव्हा गियर 'बी'वर घेऊन इंजिनचा रोध वापरायचा. ब्रेक कमी तापतात.

गाडीची लांबी पाच मीटरच्या वर आहे आणि यू-टर्न एका दमात क्वचित बसतो. कॅमेऱ्याची सवय महिनाभरात झाली. एसीचं नियंत्रण स्क्रीनमध्ये कोंबलंय ते मला अजिबात आवडलेलं नाही, पण छतावरून तिन्ही रांगांना हवा येते आणि मागच्यांना स्वतःचं बटण आहे.

सामानाची जागा बघून मी चकितच झाले. तिसरी रांग उभी असताना तिच्या मागे खोल खड्डा असतो, त्यात मुलाची ढकलगाडी उभी राहते आणि शेजारी दोन बॅगा. रांग पाडली की ती त्याच खड्ड्यात जाऊन बसते आणि वर सपाट फ्लोअर मिळतो. पण जागा आहे म्हणून भरत जाऊ नका. दाराच्या खांबावरच्या माहितीपट्टीवर किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, सहा माणसांचंच वजन धरलं तर बॅगांसाठी फारसं उरत नाही. पूर्ण भरून जाताना टायरमधली हवा त्या माहितीपट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे वाढवायची, मी विसरले होते तेव्हा गाडी वळणावर जड वाटली होती.

शेवटची गोष्ट बॅटरीची. आमच्या गाडीत पुढच्या सीटखाली एक जाळी आहे, तिथून हायब्रिड बॅटरीला थंड हवा मिळते. आम्ही जाड मॅट टाकली होती आणि तिचा काठ नेमका जाळीवर आला होता. सहाव्या महिन्यात साफ करायला उचलली तेव्हा जाळीवर केसांचा आणि धुळीचा गादीसारखा थर. मॅट कापून घेतली, जाळी दरमहा पुसते. हायब्रिड असेल तर आपल्या गाडीत ही जाळी कुठे आहे ते आजच बघून घ्या.

दहा हजारांना टायर पुढचे मागे केले, पुढचे जास्त झिजले होते. वीस हजारांना मोजून पुन्हा लिहीन.