मॅटप्लॉटलिब : अनेक महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः एका वेलांटीविषयी

पाणलोटाच्या कामाचा आमचा वार्षिक अहवाल छपाईपूर्व प्रुफांच्या टप्प्यावर आला, तेव्हा एका आलेखावर ‘नाशिक’च्या जागी ‘नाशकि’ असे उमटलेले दिसले. त्याच पानावर ‘महिना’मधली वेलांटी ‘ह’ला सोडून ‘न’ला जाऊन चिकटली होती आणि ‘पर्जन्यमान’मधला रफार नाहीसा होऊन तेथे पाय मोडलेला र उभा होता. मुद्रणालयाने मिळालेली फाईल जशीच्या तशी छापली होती. दोष मॅटप्लॉटलिबच्या, म्हणजे पायथन या संगणकीय भाषेत आलेख काढण्याच्या साधनाच्या, अक्षरमांडणीत होता. पुढचे कित्येक दिवस मी या एकाच गोष्टीमागे होतो, त्यामुळे या अनुभवकथनातही तिलाच सर्वाधिक जागा मिळणार आहे.

आधी चांगले सांगतो. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने मॅटलॅब या विकतच्या गणनप्रणालीच्या धर्तीवर सुरू केलेले हे साधन २००३ साली लोकांपुढे आले आणि आजही ते पूर्णपणे मोफत आहे. आधीच्या प्रणालीच्या परवान्याच्या वार्षिक नूतनीकरणाला आम्ही जे पैसे मोजत होतो, ते आता विहिरींच्या मोजमापाकडे वळवता येतात, आणि माझ्या लेखी ही लहान बाब नाही. विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीपासून किती खोल आहे हे मोजले जात असल्याने आलेखाचा उभा अक्ष उलटा हवा असतो. येथे ते काम एका ओळीत होते. वरच्या भागात पावसाचे स्तंभ, खालच्या भागात पाण्याची पातळी आणि दोन्हींना एकच कालाक्ष अशी रचना ग्रामसभेत कोणालाही समजावून सांगावी लागत नाही, कारण पाऊस थांबल्यावर रेषा किती दिवसांनी उतरू लागते हे डोळ्यांनाच दिसते.

एका तक्रारीचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे. प्रत्येक विहिरीचा स्वतंत्र आलेख काढणारी आज्ञावली चालवली की वीसहून अधिक आकृत्या उघड्या असल्याचा इशारा येतो आणि मेमरी भरत जाते. प्रत्येक आकृती जतन झाल्यावर ‘क्लोज’ ही आज्ञा दिली की प्रश्न मिटतो. एकच काम करण्याच्या दोन पद्धती, एक ‘पायप्लॉट’ची (चालू आलेखाला थेट आज्ञा देण्याची) आणि दुसरी ‘ॲक्सिस’ वस्तूची (प्रत्येक आलेखचौकटीला नाव देऊन तिलाच आज्ञा देण्याची), शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. दुसरी पद्धत पहिल्या दिवसापासून धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वेलांटीकडे येतो. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स हा आहे आणि त्यात देवनागरी नाही. म्हणून पहिल्यांदा मराठी शीर्षक दिले की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात, आणि ग्लिफ (अक्षराकृती) २३५० म्हणजे ‘म’ हे अक्षर सध्याच्या फॉन्टमध्ये नाही, अशा धर्तीचा इशारा दिसतो. याचा उपाय सोपा आहे. नोटो सान्स देवनागरीची फाईल ‘ॲडफॉन्ट’ने नोंदवावी आणि फॉन्टच्या यादीत तिचे नाव पहिले, डेजाव्हूचे दुसरे ठेवावे. २०२२ साली आलेल्या ३.६ आवृत्तीपासून एका फॉन्टमध्ये नसलेले चिन्ह यादीतील पुढच्या फॉन्टमधून घेतले जाते. नवा फॉन्ट संगणकावर बसवूनही सापडत नसेल, तर मॅटप्लॉटलिबने साठवून ठेवलेली फॉन्टांची जुनी यादी पुसून टाकावी.

या टप्प्यावर माझे मत अतिशय अनुकूल झाले होते, कारण चाचणीच्या आलेखावर ‘सरासरी पाऊस’, ‘सातारा’ आणि ‘गाव’ हे शब्द निर्दोष उमटले होते. फसवणूक नेमकी येथेच आहे. या शब्दांत ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही. मी वापरत असलेली ३.८ आवृत्ती अक्षरे ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने एकापुढे एक मांडते. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी येते. तिची जागा बदलणे, जोडाक्षर घडवणे आणि रफार शिरोरेषेवर चढवणे हे काम हार्फबझसारखे अक्षरजुळणीचे स्वतंत्र साधन करते. ब्राउझरमध्ये ते साधन असते, या आवृत्तीत नाही. त्यामुळे फॉन्ट कितीही बदलले तरी ‘रत्नागिरी’ दुरुस्त होत नाही, आणि फॉन्टच बदलत राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी अनेकांचा वेळ वाया घालवला आहे.

मी तीन मार्ग वापरून पाहिले. टेक या अक्षरजुळणी प्रणालीच्या झीलाटेक या प्रकारामार्फत, पीजीएफ या तिच्या चित्रपद्धतीने काढलेला आलेख सुंदर येतो, परंतु त्यासाठी टेकची अवजड मांडणी संगणकावर असावी लागते आणि प्रत्येक आलेखाला वेळ लागतो. एमपीएलकैरो हा पर्यायी बॅकएंड (आलेख प्रत्यक्ष रेखाटणारा भाग) राक्म या अक्षरजुळणीच्या साधनाच्या मदतीने जोडाक्षरे बरोबर जुळवतो, पण कार्यालयातील प्रत्येक संगणकावर राक्म वेगळे बसवत फिरणे मला परवडणारे नव्हते. टिकला तो तिसरा मार्ग : आलेख एसव्हीजी या रेषाचित्रांच्या स्वरूपात जतन करायचा आणि ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ हे मूल्य ‘पाथ’वरून ‘नन’ करायचे. मग मजकूर आकारांत गोठत नाही, मजकूर म्हणूनच फाईलमध्ये राहतो, आणि इंकस्केप ही चित्रप्रणाली किंवा ब्राउझर ती फाईल उघडताना अक्षरे योग्य रीतीने जुळवतो. त्या एका शब्दाच्या बदलाने ‘नाशिक’ जागेवर आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

या मार्गालाही मर्यादा आहे. अशी एसव्हीजी तशीच मुद्रणालयाकडे पाठवू नये, कारण तेथे तो फॉन्ट नसेल तर दुसराच वापरला जातो. इंकस्केपमधून पीडीएफ काढताना मजकुराचे पाथमध्ये, म्हणजे गोठलेल्या आकारांत, रूपांतर करण्याचा पर्याय निवडावा. या वेळेपर्यंत अक्षरे जुळलेली असल्यामुळे ती तशीच पक्की होतात. कोणती रेषा कशाची हे सांगणाऱ्या सूचीची चौकट मॅटप्लॉटलिब न जुळलेल्या अक्षरांच्या रुंदीवरून आखते, त्यामुळे जोडाक्षरे जास्त असली की ती उजवीकडे थोडी सैल राहते. मी ती चौकटच काढून टाकतो आणि रेषांची नावे रेषांच्या शेवटाशी लिहितो. वाचायलाही तेच सोयीचे असते.

देवनागरी अंकांचा अनुभव मात्र पहिल्यापासून समाधानाचा आहे. अक्षावरील आकडे ‘फंकफॉर्मॅटर’ या आकड्यांचे रूप ठरवणाऱ्या सोयीमधून बदलून घेता येतात आणि अंकांना जुळणीची गरज नसल्यामुळे ते कोणत्याही स्वरूपात अचूक येतात. म्हणून गावाच्या फोन-गटावर पाठवायचे पीएनजी आलेख मी दोन प्रकारे काढतो. ज्यांवर केवळ आकडे आणि ‘पाऊस’सारखे साधे शब्द आहेत ते थेट मॅटप्लॉटलिबमधून, आणि ज्यांवर गावांची नावे आहेत ते सर्व एसव्हीजी करून, इंकस्केपच्या आज्ञेने एकगठ्ठा. त्यात वेळ थोडा जास्त जातो, पण आपल्या गावाचे नाव लोकांना चुकलेले दिसू नये, एवढ्यासाठी मी तो आनंदाने देतो.