पाच गोल झाल्यावर पुढे काय? मुलांच्या एका फुटबॉल लीगचे परीक्षण

चवथ (गणेश चतुर्थी) सरली आणि पावसाने थोडी उसंत दिली की फोंडा तालुक्यातील मैदानांवर मुलांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. यंदा माझ्या 12 वर्षांच्या मुलाचे नाव आम्ही एका खाजगी अकादमीने भरवलेल्या 13 वर्षांखालील लीगमध्ये घातले. आठ संघ, सात रविवारी प्रत्येकाचे सात साखळी सामने आणि आठव्या रविवारी अंतिम सामना, असा बेत होता. शुल्क प्रत्येक मुलामागे 2,500 रुपये असून त्यात जर्सी, पाणी आणि प्रथमोपचार धरलेले होते. अकादमीचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार मुख्यतः तिच्या एका नियमाविषयी आहे आणि तो नियम करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही.

आधी व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. सामने ठरल्या वेळी सुरू झाले, आणि रविवारच्या सकाळी गोव्यात हे साधणे सोपे नाही. मैदानाभोवती चिऱ्यांचा गडगा आहे; एका गोलपोस्टपुढे तांबड्या चिखलाचे डबके साचत होते, ते तिसऱ्या रविवारपर्यंत माती घालून बुजवण्यात आले. रेफरी वयाने तरुण असले तरी त्यांची शिट्टी ठाम होती. बर्फ आणि पट्ट्या हाताशी ठेवलेल्या होत्या. जर्सीवरचा आकडा मात्र दुसऱ्याच धुण्यात निघून आला. गडग्यापलीकडच्या गाड्यावर पातळभाजी आणि पाव मिळत असे, आणि हरलेल्या संघाची मुले तेथे जिंकलेल्यांइतक्याच चवीने खात, ही या लीगमधील मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

नोंदणीच्या वेळी मिळालेल्या चार पानी पुस्तिकेत एकतर्फी सामन्यांविषयी एक परिच्छेद होता. एखाद्या संघाची आघाडी पाच गोलांची झाली की फलकावरील आकडे तेथेच गोठवायचे. त्यानंतर आघाडीवरील संघाने सलग आठ पास दिल्याशिवाय गोलच्या दिशेने फटका मारायचा नाही, मारल्यास प्रतिस्पर्ध्याला फ्री किक द्यायची. घड्याळ कोणत्याही कारणासाठी थांबवायचे नाही. आणि एवढे करूनही फरक आठ गोलांच्या वर गेला, तर जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाने पुढच्या सामन्यात मैदानाबाहेर राहायचे. वाचताना मला हे सारे आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. लहान मुलांना पंधरा-पंधरा गोलांनी चिरडणारे सामने मी पाहिलेले आहेत आणि त्याला कोणी तरी आवर घालत आहे, याचे बरे वाटले होते.

पहिल्याच रविवारी हे मत बदलले. माझा मुलगा गोलकीपर आहे. त्याच्या संघातील निम्मी मुले यंदा प्रथमच बूट घालून मैदानात उतरत होती, तर समोरचा संघ तीन वर्षे एकत्र सराव करणाऱ्या मुलांचा होता. सतराव्या मिनिटाला 5-0 झाले, फलकावरच्या मुलाने आकडे ठेवून दिले, आणि मग समोरच्या मुलांनी पास मोजायला सुरुवात केली. आधी मनात, मग मोठ्याने, आणि थोड्या वेळाने गडग्यावर बसलेल्या प्रेक्षकांनीही त्यात सूर मिसळला. एक, दोन, तीन असे करीत आकडा सातवर आला की सगळे मैदान क्षणभर गप्प होई आणि आठव्या पासानंतर चेंडू थेट गोलकडे येई. फलक 5-0 असेच दाखवत राहिला. प्रत्यक्षात आठ झाले. परतताना स्कूटरवर मागे बसलेला मुलगा म्हणाला, “बाबा, गोल खाल्ले त्याचं काही नाही. पण ते मोजत होते ना, सात म्हटलं की मला कळायचं, आता येणार.”

जो नियम हरणाऱ्याची लाज राखण्यासाठी केला, त्याने त्याची लाज तालासुरात मोजायला लावली. आयोजकांपैकी एका सरांना मी दुसऱ्या रविवारी हे सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि हे नियम अमेरिकेतील शाळांच्या धर्तीवर केल्याचे सांगितले. अडचणीचे मूळ येथेच आहे, असे मला वाटते.

अमेरिकेतील शाळा ज्याला फुटबॉल म्हणतात तो लंबगोल चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ आहे, आणि एकतर्फी धावफलकाला आवर घालण्याचे तेथील प्रयत्न जुने आहेत. कनेक्टिकट राज्यात 2006 मध्ये असा नियम आला की 50 हून अधिक गुणांनी जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला एका सामन्यासाठी निलंबित करावे. न्यूयॉर्क राज्यातील नॅसॉ काउंटीत ही मर्यादा 42 गुणांची असून तेथे एक समिती प्रशिक्षकाकडे स्पष्टीकरण मागते. 2019 मध्ये 61-13 असा विजय मिळवणाऱ्या प्रशिक्षकाला तेथे एक सामना बाहेर बसावे लागले. बहुतेक राज्यांनी मात्र अधिक सोपा उपाय पत्करला आहे: ठरावीक गुणांची आघाडी झाली की घड्याळ चालू ठेवायचे. त्या खेळात पास हुकला किंवा चेंडू रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे 12 मिनिटांचा एक भाग प्रत्यक्षात कितीतरी लांबतो. घड्याळ चालू ठेवले की सामना लवकर आटोपतो, आणि कोणत्याही खेळाडूला खोटे खेळावे लागत नाही.

आता आपल्या फुटबॉलकडे पाहावे. आपले घड्याळ मुळातच थांबत नाही. चेंडू गडग्यापलीकडे भाजी-पावाच्या गाड्याखाली गेला तरी ते चालूच असते. म्हणजे अमेरिकन नियमांतील जो भाग खरोखर उपयोगी पडतो तोच येथे निरर्थक ठरतो, आणि पुस्तिकेतले “घड्याळ थांबवायचे नाही” हे वाक्य भाषांतराच्या ओघात वाहून आलेले दिसते. उरला प्रशिक्षकाच्या शिक्षेचा भाग, आणि तो तेथेही वादग्रस्तच आहे. टेक्सासमधील अलेडो या शाळेने 2013 मध्ये 91-0 असा विजय मिळवला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघातील एका पालकाने प्रशिक्षकाविरुद्ध छळवणुकीची तक्रार केली. चौकशीत तक्रार टिकली नाही. प्रशिक्षकाने मुख्य खेळाडू लवकर बाहेर काढले होते आणि राखीव मुले खेळत होती. याउलट कॅलिफोर्नियातील इंगलवुडने 2021 मध्ये त्याच शहरातील मॉर्निंगसाइड शाळेला 106-0 असे हरवले, तेव्हा 104-0 अशी आघाडी असतानाही दोन जादा गुणांसाठी प्रयत्न केला गेला आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, 13 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले. इंगलवुडच्या शाळेला माफी मागावी लागली, आणि ती रास्तच होती. दोन्ही सामन्यांचे आकडे सारखेच भयंकर, पण एकात निर्दयपणा होता आणि दुसऱ्यात नव्हता. केवळ फरक मोजणाऱ्या नियमाला हे दिसू शकत नाही.

राखीव मुलांचा मुद्दा आमच्या लीगमध्ये पाचव्या रविवारी जवळून पाहायला मिळाला. त्या दिवशी माझ्या मुलाचा संघ प्रथमच 5-0 असा पुढे होता. चार रविवार बाकावर घालवलेला एक बारीक चणीचा मुलगा उत्तरार्धात मैदानात आला. सहाव्या पासाला चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा पुढे एकटा गोलकीपर होता आणि तोही तोल जाऊन गुडघ्यावर पडलेला. मुलाने चेंडूवर पाय ठेवला, रेफरीकडे पाहिले, आपल्या सरांकडे पाहिले, आणि चेंडू मागे वळवला. सातवा पास चुकला, चेंडू बाहेर गेला. त्या मुलाला त्या हंगामात पुन्हा तशी संधी मिळाली नाही. आणि गुडघ्यावर पडलेला समोरचा गोलकीपर उठून उभा राहिला तेव्हा आपल्यावर दया झाली आहे हे त्याला पुरते कळले होते. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

कुस्तीत फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते. खो-खोत डावाने विजय मिळतो. या दोन्ही खेळांत दुबळ्याची सुटका आहे, पण मल्लाला हात आखडता घ्या किंवा धावकाला हळू पळा असे कोणी सांगत नाही. खेळ संपवणे वेगळे आणि खेळाचे सोंग करायला लावणे वेगळे.

याहून गंभीर चूक गुणतक्त्यात होती. फलक 5-0 वर गोठत असला तरी रेफरीच्या कागदावर प्रत्यक्ष गोल लिहिले जात आणि गुण समान झाल्यास गोल-फरकावर, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या वजाबाकीवर, क्रम ठरत असे. त्यामुळे आठ ही मर्यादा न राहता तिचे लक्ष्य झाले. पाच झाल्यावर “अजून तीन हवेत” असे सीमारेषेवरून ओरडणारे प्रशिक्षक मी स्वतः ऐकले, आणि हंगामात तीन सामने नेमके आठच्या फरकाने संपले. नववा गोल होऊ नये म्हणून शेवटची पाच मिनिटे चेंडू आपल्याच अर्ध्या भागात फिरवणारा संघ पाहणे ही एक वेगळीच शिक्षा होती.

गोल-फरकाचा मोह काय करू शकतो हे गोव्याला कोणी सांगायला नको. 2004 मध्ये राज्याच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये वरच्या श्रेणीत जाण्यासाठी दोन संघांत चुरस होती आणि निर्णय गोल-फरकावर येऊन ठेपला होता. परिणामी एक सामना 55-1 असा आणि दुसरा 61-1 असा संपला, आणि चारही संघांना एका वर्षासाठी बाहेर बसवण्यात आले. ते प्रौढांचे आणि संगनमताचे प्रकरण होते. मुलांच्या लीगशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण गोलांचा ढीग रचण्याचे कारण दोन्हीकडे गुणतक्त्याच्या त्याच रकान्यात आहे, आणि तो रकाना तसाच ठेवून सौजन्याचे परिच्छेद छापण्याने काही साधत नाही.

उपाय अवघड नाहीत. गोल-फरक मोजताना एका सामन्यातून जास्तीत जास्त चार किंवा पाच गोल धरावेत, म्हणजे सहाव्या गोलाची हाव आपोआप संपते आणि तरीही बाकावरच्या मुलाला तो मारता येतो. इंग्लंडमधील लहान मुलांच्या सामन्यांत चार गोलांनी पिछाडीवर पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवू देण्याची पद्धत आहे. तीत बलवान संघ मनापासून खेळतो आणि त्याला खेळणे कठीणही होते. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान वयोगटांसाठी छोट्या संघांचे, चार गोलपोस्टचे आणि गुणतक्त्याविना खेळायचे सामने सक्तीचे केले आहेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तक्ता हवाच असतो, त्यामुळे ती पद्धत येथे जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. पण आठ संघांच्या लीगमध्ये पहिले दोन रविवार पाहून चार-चार संघांचे दोन गट करणे एका दुपारचे काम आहे, आणि तसे केले असते तर निम्म्या एकतर्फी सामन्यांची वेळच आली नसती.

हे सारे मी पाचव्या रविवारनंतर लिहून दिले. हंगामाच्या मध्यात नियम बदलता येत नाहीत, असे उत्तर मिळाले, आणि ते योग्यच होते. इतर सात संघांच्या पालकांनी पुस्तिका वाचूनच पैसे भरले होते. मात्र सहाव्या रविवारी सामन्यापूर्वी रेफरींनी दोन्ही कर्णधारांना बोलावून पास मोठ्याने मोजल्यास फ्री किक दिली जाईल असे बजावले. गडग्यावरच्या प्रेक्षकांना कोण बजावणार हा प्रश्न उरला, पण मुलांनी मोजणे थांबवल्यावर तेही थंडावले.

प्रशिक्षण, शिस्त आणि वेळेचा मान या बाबतींत मी या लीगला पाचपैकी चार गुण देईन आणि एकतर्फी सामन्यांच्या नियमाला एक. ज्यांच्या मुलांना दोन-तीन वर्षांचा सराव आहे त्यांनी निःशंकपणे नाव घालावे. ज्यांचे मूल प्रथमच खेळणार आहे त्यांनी नोंदणीपूर्वी गट कसे पाडणार आणि गोल-फरक किती गोलांपर्यंत धरणार, हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. आमचा मुलगा पुढच्या हंगामातही खेळायचे म्हणतो आहे. पुस्तिका हातात आल्याशिवाय मी शुल्क भरणार नाही, आणि जर्सीवरचा आकडा या वेळी बाजारातून शिवून घेणार आहे.