कोल्हापूर–मुंबई विमानसेवा: अंतर, वेळ आणि प्रत्यक्ष अनुभव

कोल्हापूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे, तर रस्त्याने हाच प्रवास पुणे मार्गे पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे जातो. एटीआर ७२ सारखे टर्बोप्रॉप विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जात असल्यामुळे प्रत्यक्ष उड्डाण पाऊण तासाच्या आसपासच व्हायला हवे. तरीही तिकिटावर साधारण एक तास दाखवतात, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणे हे सारे त्यात धरलेले असते.

मी आईला तपासणीसाठी मुंबईला नेले, तेव्हा या सेवेचे मोल मला खऱ्या अर्थाने कळले. महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रभराचा प्रवास तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ शहरापासून जवळ आहे आणि मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली नवी इमारत ऐसपैस असल्याने वृद्धांना तेथे वावरणे सोपे जाते. घरातून निघाल्यापासून मुंबईच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत आम्हाला साडेतीन तास लागले.

परतीचे विमान मात्र दोन तास उशिरा सुटले आणि कंपनीने त्याचे कारण वेळेवर सांगितले नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकली. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी त्याच दिवशीची महत्त्वाची भेट ठरवू नये. रुग्ण आणि ज्येष्ठ यांच्यासाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवेन.